गांजाचं झाड काढणीला आलं की नाही, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा: बियांच्या पाकिटावर फुलोऱ्याचे ८ आठवडे लिहिले होते, आता ९ वा संपत आला, निम्मे केस तपकिरी झालेत, खालची पानं पिवळी पडलीत आणि तरीही शेंड्याला नवे पांढरे केस फुटतायत. कापू की थांबू?

एवढ्या माहितीवर मी थांबा म्हणेन. पण तुम्ही जे जे लिहिलंय, त्यातलं काहीच काढणी ठरवायला पुरेसं नाही. ज्यावरून ठरतं ते तुम्ही अजून पाहिलेलं दिसत नाही, कारण ते नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

आधी एक स्पष्ट करतो. हे उत्तर घरी मोजकी झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे, अशा ठिकाणच्या माणसासाठी आहे. भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली कुंडीतलं एक झाडसुद्धा गुन्हा ठरतं. तिथून वाचत असाल तर वाचण्यापुरतंच ठेवा.

आता पाकिटावरचे आठवडे. हे मोजायला सुरुवात कुठून करायची, हेच बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. घरात दिव्याखाली वाढवणारा माणूस प्रकाश १२ तासांवर आणला त्या दिवसापासून मोजतो. झाडाला मात्र त्यानंतर पहिले केस दाखवायलाच आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे तुमचा ९ वा आठवडा झाडाच्या हिशेबाने ७ वा असू शकतो. शिवाय बियाणंवाल्याचा आकडा त्याच्या दिव्यांखालचा, त्याच्या तापमानातला, आणि विकायचा असल्यामुळे थोडा आशावादीच. रुंद पानांच्या बुटक्या जाती साधारण ८-९ आठवड्यांत उरकतात, लांब सडपातळ पानांच्या १०-१२, काही तर १४ पर्यंत नेतात. ऑटोफ्लॉवर, म्हणजे उजेडाचे तास न बदलता वयानुसार आपोआप फुलणारी जात असेल तर आकडा बी रुजल्यापासूनचा असतो, त्याची यात गल्लत करू नका. पाकिटाचा उपयोग एवढाच की भिंग कधी हातात घ्यायचं ते कळतं.

केसांनी मला एकदा चांगलंच फसवलंय, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. ज्यांना आपण केस म्हणतो ते मादी फुलाचे परागकण झेलायचे धागे. पांढरे असतात, काम संपलं की तपकिरी होऊन आत वळतात. वयानुसार ते सुकतात हे खरं, पण इतर दहा कारणांनीही सुकतात. परागकण पडले तरी, पाऊस लागला तरी, दिवा फार जवळ असला तरी, नुसता सारखा हात लागला तरी. माझ्या पहिल्या झाडावर मी टेबलफॅन एका बाजूने लावून ठेवला होता. दोन-तीन दिवसांत त्या बाजूचे केस असे तांबूस झाले की मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी कात्री चालवली. वाळल्यावर हातात आले हलके, भुसभुशीत तुरे, वास जेमतेम. झाडाची दुसरी बाजू पांढरी होती, ती मी पाहिली होती आणि सोयीस्करपणे दुर्लक्षिलीही होती. निदान दोन आठवडे घाई झाली होती.

केसांपेक्षा त्यांच्या बुडाशी बघा. प्रत्येक जोडी एका छोट्या हिरव्या पिशवीतून बाहेर येते. वाढवणारे तिला कॅलिक्स म्हणतात. फुलोऱ्याच्या सुरुवातीला ही पिशवी चपटी असते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ती आत बी धरल्यासारखी टपोरी फुगते आणि तुरा अचानक भरल्यासारखा दिसतो. एखादी चिमटीत धरून हलकेच दाबा. आत काही नसेल आणि बोटं चिकट झाली, तर सगळं ठीक चाललंय. टणक काही लागलं तर ते बी आहे, म्हणजे कुठून तरी परागकण आलेत आणि केस लवकर तपकिरी का झाले याचंही उत्तर मिळालं.

आता मुख्य गोष्ट, ट्रायकोम. तुऱ्यावर साखर भुरभुरल्यासारखं जे चमकतं ते. ३० पटीच्या भिंगाखाली दिसतं की ती साखर नाही, टाचण्यांचं रान आहे: बारीक दांडा आणि वर गोल डोकं. सगळा माल त्या डोक्यात असतो. सोनाराचं भिंग चालतं, ६० पटीचं मिळालं तर उत्तम. फोनच्या नुसत्या झूमने काही कळत नाही, वर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स असेल तर निभावतं.

डोकी तीन अवस्थांतून जातात. आधी काचेच्या मण्यासारखी आरपार. मग दुधाळ, आत धुकं भरल्यासारखी. मग मधाच्या रंगाची. बहुतेक आरपार असतील तर झाड कच्चं आहे, मग केस काहीही सांगोत. जवळपास सगळी दुधाळ झाली आणि दहातलं एखादं मधाळ दिसू लागलं, की मी कापतो. काही जण दहातली दोन-तीन मधाळ होईपर्यंत थांबतात, त्यांना जड, सुस्त परिणाम हवा असतो. मधाळ म्हणजे टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, विघटन होऊन सीबीएन नावाचा दुसरा घटक झाला आणि म्हणून झोप येते, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. सीबीएन प्रामुख्याने कापल्यानंतर, उजेड आणि हवा लागून, साठवणीत तयार होतं. मधाळ रंग म्हणजे ग्रंथी म्हातारी झाली, मी त्यातून एवढाच अर्थ काढतो. अर्ध्याहून जास्त मधाळ झाली तर उशीर झाला, हे मात्र नक्की.

चूक होते ती बघण्याच्या जागेत. तुऱ्यातून डोकावणाऱ्या छोट्या पानांवरही ट्रायकोम असतात, आणि तिथली डोकी कॅलिक्सवरच्यांपेक्षा आधी मधाळ होतात. पान भिंगाखाली धरायला सोपं, म्हणून सगळे तेच धरतात आणि आठवडाभर आधी कापून मोकळे होतात. कॅलिक्सच बघा. झाडाशी वाकून हात थरथरत बघण्यापेक्षा शेंड्यावरून, मधून आणि खालून शेंगदाण्याएवढा एकेक तुकडा कापा, टेबलावर ठेवा, पांढऱ्या उजेडात निवांत बघा. वाढीचा जांभळा दिवा चालू असेल तर रंग कळणारच नाही. आणि बोटाने घासू नका, डोकी तुटून नुसते दांडे उरतात आणि मग ते आरपार दिसतात म्हणून माणूस उगाच थांबतो.

दर दोन-तीन दिवसांनी बघितलं तरी पुरे. रोज बघून रंग लवकर बदलत नाही, हे मला कळतं, तरी मी रोज बघतो.

पिवळी पानं: शेवटाकडे झाड जुन्या पानांतला नायट्रोजन ओढून फुलांकडे नेतं, त्यामुळे खालची पानं पिवळी पडणं हे म्हातारपण आहे, आजार नाही. हेच ४-५ व्या आठवड्यात झालं असतं तर मी उपासमार म्हटलं असतं. काढणीशी त्याचा संबंध ओढूनताणूनच. शेवटचे दोन आठवडे नुसतं पाणी देण्याबद्दल कुणी आग्रह धरेल. मी खत कमी करतो, पण त्याने चवीत फरक पडल्याचं मला कधी जाणवलं नाही.

शेंड्याचे नवे पांढरे केस: दिवा किती उंचीवर आहे ते लिहिलेलं नाहीत, पण माझा पहिला संशय त्याच्यावरच. उष्णता किंवा प्रखर उजेड सोसणारा शेंडा कॅलिक्सवर कॅलिक्स चढवत कोल्ह्याच्या शेपटीसारखा वर निघतो. काही जातींचा तो स्वभावच असतो. ते नवे केस तपकिरी व्हायची वाट बघत बसलात तर खालचा सगळा तुरा ओसरून जाईल. त्यामुळे शेंडा सोडून मधल्या भागावर निर्णय घ्या. तिथेच पिवळी, केळ्यासारखी बारीक दांडकी दिसली तर ते नर अवयव आहेत. उशिरा ताण पडला की काही माद्या ती काढतात. ती दिसली तर फार रेंगाळू नका.

एका बाबतीत मात्र ट्रायकोमचं काही ऐकायचं नाही, ती म्हणजे बुरशी. पहिल्या झाडाच्या घाईचं प्रायश्चित्त म्हणून मी दुसऱ्या झाडाला अगदी शेवटपर्यंत थांबलो. सगळ्यात जाड तुऱ्यात मधोमध एकच पान वाळलेलं दिसलं, बाकी तुरा टवटवीत. पान ओढलं तर अलगद हातात आलं. तुरा फोडला तर आत करडा-तपकिरी लगदा. दमट हवेत घट्ट तुऱ्यांना हेच होतं, आणि ते आतून सुरू होतं. असं दिसलं तर कुजलेल्या भागाच्या दोन्हीकडे बरंच जास्त अंतर सोडून कापा आणि तो भाग फेका. वाळवून चालेल का, असं विचारूही नका, बुरशी फुप्फुसात ओढायची वस्तू नाही. उरलेलं झाड त्याच दिवशी काढा, ट्रायकोम आरपार असले तरी. झाड उघड्यावर असेल आणि पुढे सलग पावसाचे दिवस दिसत असतील तरी दोन दिवस आधी कापणं परवडतं.

अख्खं झाड एकदम कापायची सक्तीही नाही. वरचे तुरे खालच्यांच्या आधी तयार होतात. वरचे काढा, खालच्यांना उजेड मिळू द्या, आठवड्याने तेही भरतात.

वाळवणीबद्दल दोनच वाक्यं, कारण वेळेवर कापलेलं तिथे वाया जातं. अंधारात, १८-२० अंश तापमानात, ५५-६० टक्के आर्द्रतेत फांद्या उलट्या टांगा, बारीक काडी वाकण्याऐवजी कट्‌कन मोडेपर्यंत, म्हणजे साधारण १०-१२ दिवस. वजन चौथा-पाचवा हिस्साच उरतं, तेव्हा घाबरू नका.

तर तुम्ही आज दिवा थोडा वर घ्या, तीन जागचे तुकडे काढा आणि काय दिसतं ते इथे लिहा. फोटो टाकणार असाल तर वाढीचा दिवा बंद करून, पांढऱ्या उजेडात, कॅलिक्सचा टाका. पानाचा नको.