'टिक'ला खूण म्हणावं की आणखी काही?

विचारणा अशी आहे: पायथनमध्ये आलेख कसे काढायचे यावर मराठीत टिपण लिहितोय, अक्षावर ठरावीक अंतराने येणाऱ्या छोट्या रेघांना, म्हणजे 'टिक्स'ना, काय म्हणू? 'टिक'च ठेवू की 'अंशांकन'?

'टिक'ला माझा विरोध भाषाशुद्धीपायी नाही. हा शब्द मराठीत केव्हाच आलाय, पण दुसऱ्याच कामाला लागलाय. 'फॉर्मवर टिक करा' म्हटलं की हात आपोआप बरोबरची खूण काढतो. 'क्ष-अक्षावर दर पाचला टिक करा' वाचून नवख्याच्या डोळ्यांपुढे तपासलेली वहीच येणार. 'अंशांकन' ही तापमापीवर भाग पाडण्याची अख्खी क्रिया झाली. 'तिसरं अंशांकन काढून टाक' असं कुणी म्हणत नाही.

'रेघ' फूटपट्टीवर शोभते, पण आलेखात अक्षही रेघ, मागची जाळीही रेघांचीच. सुतारांचं 'सूत' मला फार आवडतं, पण ते इंचाच्या आठव्या भागाचं, म्हणजे दोन रेघांमधल्या अंतराचं नाव.

'आकडा' मात्र अजिबात नको, कारण खरा घोळ तिथेच होतो. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) 2018 ते 2022 असा पाच वर्षांचा आलेख काढलात, की खाली बरेचदा 2018.0, 2018.5, 2019.0 असं उमटतं. साडेअठरा साल! मग नवखा माणूस 'सेट_एक्सटिकलेबल्स' या खालचा मजकूर ठरवणाऱ्या आज्ञेला पाच वर्षांची यादी देऊन मोकळा होतो. त्याने बदलला फक्त मजकूर. खुणा अजून अर्ध्या-अर्ध्या वर्षावरच आहेत, त्यामुळे वर्ष भलत्याच ठिपक्याखाली जाऊन बसतं. आधी जागा ठरवायला हव्यात: 'सेट_एक्सटिक्स'ला वर्षांची यादी द्या, नाहीतर 'मल्टिपललोकेटर'ला 1 सांगा, म्हणजे दर वर्षाला एक खूण. जागा वेगळी, तिच्याखाली लिहिलेलं वेगळं. दोन्हींना 'आकडा' म्हटलंत तर हे समजावणार कसं? आणि कधी तिथे आकडा नसतोच, महिन्यांची नावं असतात.

म्हणून माझं मत 'खूण'. खालच्या मजकुराला 'लेबल' म्हणा, रुळलेला शब्द आहे. 'मेजर' आणि 'मायनर' या टिक्सच्या दोन प्रकारांसाठी 'मुख्य' व 'गौण' लिहाल तर खटला चालल्यासारखं वाटेल. 'मोठ्या खुणा' आणि 'बारीक खुणा' पुरे. (साध्या अक्षावर बारीक खुणा आपणहून येत नाहीत, 'मायनरटिक्स_ऑन' लिहून मागवाव्या लागतात, हेही टिपणात घाला.)

क्रियापद तेवढं जपून. 'खूण करा' लिहिलंत तर वाचक डोळा मिचकावेल. 'आखणे' वापरा, वहीला समास आखतो तसं: 'क्ष-अक्षावर दर वर्षाला एक मोठी खूण आखा, मग लेबलं लावा.'