रेसकोर्सवर काम करणाऱ्या मुलाशी लग्न करावे का?

आपण लिहिले आहे की आपण कागलच्या आहात, आपल्या पसंतीचा मुलगा पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांची निगा राखतो आणि घरचे "रेस म्हणजे जुगार" म्हणून नकार देत आहेत. हेच वाक्य मी आमच्या थोरल्या काकांच्या तोंडून दोन वर्षे ऐकले, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

माझे यजमान नालबंद, म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारे, आहेत. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचे पेंड-भुशाचे दुकान होते आणि त्यांच्या घरची उधारी आमच्याकडेच असे. एकदा थकलेली रक्कम मागायला वडिलांनी मला पाठवले. तेव्हा ते एका टांग्याच्या घोडीचा खूर गुडघ्यांत धरून वाकले होते आणि तोंडात चार खिळे असल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते. मी उभी राहिले. कानशीने खूर सपाट करून त्यांनी त्यावर नाल ठेवली आणि एकेक खिळा तिरका ठोकला. त्याचे टोक खुराच्या भिंतीतून बाहेर आले की ते पिळून तोडले आणि उरलेले वाकवून बसवले. खुराच्या तळाशी एक पांढरी रेषा असते, खिळा तिच्या आत गेला की घोडे लंगडलेच. चारही खिळे संपल्यावर ते म्हणाले, "पैसे शनिवारी पोचतील." ते पोचले, आणि पुढे उधारी नसतानाही ते दर शनिवारी दुकानात येऊ लागले.

पुढे त्यांना पुण्यात रेसच्या घोड्यांचे काम मिळाले आणि काकांनी घर डोक्यावर घेतले. या काकांना खासबागेतल्या कुस्तीवर पैज लावलेली चालत असे! घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग मोठा असतो, तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली म्हटले आहे, आणि जॉकीला तर स्वतः पैसे लावायलाच बंदी असते. मी हे सारे काकांना ऐकवले. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. वडिलांनी होकार दिला तो उधारी सांगितल्या दिवशी फेडणारा मुलगा म्हणून. आपल्या घरच्यांनाही न्यायनिवाडे सांगत बसू नका, मुलाला घरी न्या.

अर्थात, तो स्वतः पैसे लावतो का, हे आधी नीट पाहा. लावत असेल तर माझे वरचे सगळे बोलणे सोडून द्या. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा हंगाम चालतो, पहाट तबेल्यात जाते, घोड्याची लाथ बसली तर महिनाभर घरी बसावे लागते. शिवाय 2023 च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के आणि 2025 च्या सप्टेंबरपासून 40 टक्के जीएसटी लागल्यामुळे या धंद्याचे पुढे काय होईल, ही धाकधूक आमच्याही घरात आहे.

गेल्या दिवाळीत काकांनी निरोप पाठवला की नव्या घराच्या उंबऱ्यासाठी रेस जिंकलेल्या घोड्याची नाल हवी आहे. शर्यतीची नाल बहुधा हलक्या ॲल्युमिनियमची असते, आणि उंबऱ्याला तर लोखंडच लागते. यजमानांनी सरावाच्या घोड्याची झिजलेली लोखंडी नाल घासूनपुसून पाठवली. काका ती आल्यागेल्याला रेस जिंकलेली म्हणून दाखवतात आणि मी अजून काही बोललेले नाही.