नवा राउटर, जुना प्रिंटर आणि रोज सकाळचं ‘ऑफलाइन’

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. कराडला वडिलांकडे शाईच्या टाकीचा तीन वर्षं जुना प्रिंटर आहे. त्याला पडदा नाही, नुसती बटणं आणि दिवे. गेल्या महिन्यात फायबरचं कनेक्शन आलं, राउटर बदलला आणि प्रिंटर वायफायला लागेना. कनेक्शनवाल्या मुलाने एकदा कसाबसा जोडून दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर तो ‘ऑफलाइन’. तुम्ही बंगळुरूहून फोनवर सांगून सांगून चार वेळा ड्रायव्हर काढून पुन्हा घालायला लावला. आणि जाता जाता एक वाक्य लिहिलंत, की बाबा रात्री झोपताना बोर्डावरची सगळी बटणं बंद करतात. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तुमचं दुसरं दुखणं बहुतेक तिथेच आहे.

ड्रायव्हरला आता हात लावू नका. डोंबिवलीत मी बारा वर्षं घरोघरी जाऊन ही कामं करतोय. राउटर बदलल्यावर बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये ड्रायव्हर दोषी निघाल्याचं मला फार क्वचित दिसलं आहे. प्रिंटरशी कुठल्या भाषेत बोलायचं हे लॅपटॉपला ड्रायव्हर सांगतो. इथे दोघांची गाठच पडत नाही, तर भाषा बदलून काय होणार?

सगळ्यात सोपा उपाय आधी सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. प्रिंटरला जुन्या राउटरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड अजून पाठ आहे. तो तेच नाव शोधत बसलाय. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायला तंतोतंत जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, मग प्रिंटर बहुतेक वेळा आपणहून जोडला जातो. टीव्ही, कॅमेरा, जुने फोन, सगळ्यांना एकदमच लागू पडतं. फक्त नावातलं एखादं कॅपिटल अक्षर किंवा मधली रिकामी जागासुद्धा चुकता कामा नये. वडिलांच्या जुन्या फोनमध्ये ते नाव अजून साठवलेलं असेल, तिथून बघून घ्या.

एवढं करूनही लागला नाही तर कारण बहुधा दोनपैकी एक असतं.

पहिलं म्हणजे लहरींचा पट्टा. हल्लीचे फायबरचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात आणि बऱ्याचदा दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं. कुणाला कुठे बसवायचं ते राउटर स्वतः ठरवतो. फोनला हे सोयीचं, पण घरगुती इंक टँक प्रिंटर बहुतेक फक्त २.४ वर चालतात. ही काही लबाडी नाही. छापायच्या पानाचा डेटा थोडा असतो, त्याला ५ च्या वेगाची गरज नाही. शिवाय २.४ च्या लहरी भिंतींतून जास्त आत पोचतात आणि प्रिंटरमध्ये बसवायचा फक्त २.४ चा वायफायचा सुटा भाग स्वस्तही पडतो. पण दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच असलं की जोडणीच्या वेळी गोंधळ होतो. फोन ५ वर बसलेला, ॲप त्याच जाळ्यावर (नेटवर्कवर) प्रिंटरला बोलावतंय आणि प्रिंटरला ते दिसतच नाही. म्हणून राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरता ५ बंद ठेवा.

इथे एक गैरसमज मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो. प्रिंटर २.४ वर असेल तर छापताना फोनही कायम २.४ वरच ठेवावा लागतो, असं लोक धरून चालतात. तसं नाही. एकाच राउटरचे दोन्ही पट्टे आतून एकच घर आहेत. जोडणी झाली की वडिलांचा फोन खुशाल ५ वर राहू दे, कागद निघणारच.

दुसरं कारण कुलपाचं. डब्ल्यूपीए३ ही सुरक्षेची नवी पद्धत २०१८ मध्ये जाहीर झाली. तिच्या आधीच्या, आणि नंतरच्याही पुष्कळ स्वस्त प्रिंटरांना फक्त डब्ल्यूपीए२ कळतं. नवा राउटर निव्वळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही प्रिंटरला दार उघडत नाही, आणि ॲप बिनदिक्कत ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतं. राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ निवडा. मिश्रवरही अडलं तर सरळ डब्ल्यूपीए२ ठेवा. पासवर्ड लांब आणि चांगला असेल तर घरासाठी ते पुरेसं आहे.

वायफायला कौतुकाने देवनागरीत नाव दिलं असेल तर तेही तपासा. वायफायच्या नावाला ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम दहा चिन्हं, त्यात काना-मात्राही मोजायच्या. जुन्या प्रिंटरांना ते नाव वाचताही येत नाही. २.४ च्या पट्ट्याचं नाव साधं रोमन अक्षरांत ठेवा.

आता जोडणी अगदी पहिल्यापासून करायची वेळ आली तर. दोन्ही यंत्रांवर बटण असेल तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय, सगळ्यात कमी डोकेदुखीचं: राउटरवरचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं वायफायचं बटण, दिवा लुकलुकायला लागेपर्यंत दाबून धरायचं. दिवा स्थिर झाला की जोडला. निव्वळ डब्ल्यूपीए३ वर मात्र डब्ल्यूपीएस चालत नाही, म्हणून वरचं कुलूप आधी बदला. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिनवाला प्रकार वापरू नका. त्यातली खोट २०११ च्या डिसेंबरमध्येच उघड झाली आहे आणि तो पिन थोड्या तासांत फोडता येतो.

बटण नसेल तर कंपनीचं ॲप. तिथे प्रिंटरपेक्षा फोनच जास्त आडवा येतो. जोडणीच्या वेळी प्रिंटर स्वतःचं एक तात्पुरतं वायफाय सुरू करतो, त्यावर इंटरनेट नसतं. फोनला वाटतं हे वायफाय निकामी आहे, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. म्हणून तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद. अँड्रॉइडवर लोकेशन चालू हवं, कारण आजूबाजूची वायफाय शोधायला अँड्रॉइड लोकेशनची परवानगी मागतो. लोकांना वाटतं ॲप आपल्यावर पाळत ठेवतंय आणि ते नकार देतात. आयफोनवर, आयओएस १४ पासून, ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी असते. पहिल्यांदा विचारताना घाईत ‘नको’ म्हटलं असेल तर ॲपला प्रिंटर कधीच सापडणार नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली ती यादी आहे, तिथे त्या ॲपपुढचं बटण चालू करा.

यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: प्रिंटरला स्वतःबद्दल लिहायला सांगा. पडदा नसलेला प्रिंटरसुद्धा नेटवर्कच्या माहितीचं एक पान छापून देतो. काही यंत्रांवर ‘आय’ अक्षराचं बटण असतं, काहींवर दोन बटणं एकत्र दाबायची असतात. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत ‘नेटवर्क स्टेटस शीट’ किंवा ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन पेज’ शोधा. बाबांना म्हणावं ते पान काढून फोटो पाठवा. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या.

वायफायचं नाव: ते नव्या राउटरचंच आहे ना?

सिग्नल: अशक्त असेल तर प्रिंटर कपाटाच्या लोखंडी फडताळातून बाहेर काढा. तुम्ही जुनं घर म्हणालात. जाड दगडी भिंती असतील तर एकच खोली पुढे सरकवल्याने फरक पडतो.

आणि आयपी पत्ता, म्हणजे घरच्या जाळ्यातला त्या यंत्राचा नंबर. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, प्रिंटरने स्वतःच काहीतरी धरून घेतलंय. प्रिंटरचा आणि राउटरचा पत्ता सारख्या आकड्यांनी सुरू व्हायला हवेत. राउटर १९२.१६८.२९.१ असेल तर प्रिंटरही १९२.१६८.२९ नेच सुरू झाला पाहिजे. वेगळंच काही दिसलं, तर बहुधा घरात दोन राउटर दोन वेगळी जाळी करून बसले आहेत. फायबरवाल्यांचा डबा आणि त्याला तार लावून जोडलेला तुमचा जुना राउटर, असं आहे का? असेल तर जुन्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता नुसतं वायफाय पसरवेल आणि जाळं एकच राहील.

या पानाचं महत्त्व मला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी कळलं. त्यांना नातवाच्या प्रवेशाचे कागद त्याच संध्याकाळी हवे होते आणि मी तीन तास लॅपटॉपशी झगडत होतो. शेवटी पान छापलं तेव्हा दिसलं की प्रिंटर घरच्या वायफायवर अगदी नीट होता. लॅपटॉप मात्र ‘गेस्ट’ वायफायवर होता, कारण राउटर लावणाऱ्याने तोच पासवर्ड त्यांना लिहून दिला होता. पाहुण्यांच्या जाळ्यात बसलेल्या यंत्राला घरातली इतर यंत्रं दिसू नयेत अशीच रचना असते. एका पानात जे कळलं असतं त्यासाठी त्या बाईंची संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी ते पान काढतो, मग बॅग उघडतो.

आता सकाळचं ‘ऑफलाइन’.

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो, पण तो भाड्याने, ठराविक मुदतीपुरता. रात्री वीज बंद केली की कुणाला कोणता पत्ता दिला होता हे बऱ्याच घरगुती राउटरांच्या ध्यानात राहत नाही. सकाळी जो आधी उठेल त्याला पहिला नंबर. काल प्रिंटर ५ व्या घरात होता, आज तिथे टीव्ही बसलाय. लॅपटॉप बिचारा कालच्याच दारावर टकटक करतो आणि म्हणतो, ऑफलाइन. भर म्हणजे प्रिंटर अर्ध्या मिनिटात जागा होतो आणि राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. वायफायच न सापडल्याने काही प्रिंटर नंतर प्रयत्नच सोडून देतात.

इलाज राउटरमध्ये आहे. डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशाच नावाची सोय असते. छापलेल्या पानावरचा प्रिंटरचा बारा अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची कायमची ओळख, तिथे भरा आणि एक आयपी पत्ता कायमचा त्याच्या नावावर करा. मग कितीही वेळा वीज जावो, प्रिंटरचं घर बदलत नाही. प्रिंटरमध्येच हाताने पत्ता भरायचा मार्गही आहे, पण मी तो टाळतो. पुढे राउटर बदलला की तो अडकतो आणि तेव्हा कुणाला आठवत नाही की कधीकाळी काय भरलं होतं.

मग लॅपटॉपवर जुना प्रिंटर काढून टाका आणि ‘ॲड मॅन्युअली’ मधून आयपी पत्ता देऊन नव्याने घाला. विंडोज आपणहून शोधून घालतो तेव्हा पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा पोर्ट (प्रिंटरपर्यंत जायची वाट) लावतो आणि तो झोपेतून उठल्यावर प्रिंटरला विसरतो. पत्ता देऊन घातला की ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्ट लागतो, तो जास्त भरवशाचा. तरीही कागद निघतोय आणि पडद्यावर मात्र ‘ऑफलाइन’ असा प्रकार झाला तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जाऊन ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ वरची खूण काढा. लॅपटॉप प्रिंटरची ख्यालीखुशाली ज्या वाटेने विचारतो त्या वाटेचं उत्तर आलं नाही की तो प्रिंटरला ऑफलाइन धरतो. ती विचारपूसच बंद करायची. लॅपटॉपवर वायफायचं प्रोफाइल ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. आणि तुम्ही कराडला गेल्यावर ऑफिसच्या लॅपटॉपवरून छापायला बसाल तेव्हा व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्याशी जोडणारी खासगी वाट) बंद ठेवा, तो चालू असताना घरातला प्रिंटर बऱ्याचदा दिसत नाही.

बंगळुरूहून थेट कराडच्या प्रिंटरवर छापता येईल का, असंही विचारलंत. गूगल क्लाउड प्रिंट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. काही कंपन्यांची स्वतःची तशी सोय आहे, पण त्यासाठी खाती उघडणं आणि ती वडिलांच्या फोनवर सांभाळणं मी तुमच्यावर लादणार नाही. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा, ते तिथूनच छापतील.

राहिलं रात्रीचं बटण. पत्ता राखून ठेवल्यावर बाबांनी राउटर खुशाल बंद करावा. प्रिंटर मात्र थेट बोर्डावरून कधीही नको. शाईचा प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की छापणारं डोकं कोपऱ्यात नेऊन त्यावर टोपण बसवतो. मधूनच वीज तोडली तर ते डोकं उघडं राहू शकतं, त्यात शाई वाळते आणि पानावर पांढऱ्या रेघा येतात. आधी प्रिंटरवरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्डावरचं. सकाळी याच्या उलट: आधी राउटर, इंटरनेटचा दिवा स्थिर झाला की प्रिंटर. बाबांना हे कारणासकट सांगा. नुसतं ‘बंद करू नका’ म्हटलं तर वीज वाचवायची त्यांची आयुष्यभराची सवय त्यापुढे टिकेल, डोकं वाळतं म्हटलं की ते स्वतःहून जपतील.

हे सगळं एका फोनवर करू नका. आज फक्त वायफायचं नाव बदला आणि ते पान छापून घ्या. पानाचा फोटो इथे टाका. टाकण्याआधी त्यावर वायफायचा पासवर्ड छापलेला असेल तर तो तेवढा झाकून टाका, काही मॉडेल तोही छापतात. प्रिंटरचं मॉडेलही लिहा, म्हणजे राउटरच्या पुढच्या सेटिंगचं मी नेमकं सांगतो.