गादीच्या शिवणीतली टरफलं कशाची?

प्रश्न : दिवाणाची गादी उन्हात टाकताना शिवणीत फिकट तपकिरी, पोकळ टरफलं सापडली. जिवंत किडा एकही दिसला नाही. ही ढेकणांची कात असेल की झुरळांची?

उत्तर : टरफलं पांढऱ्या कागदावर हलकेच झटका आणि भिंगातून पाहा. ढेकणाची कात म्हणजे पुरा ढेकूणच, फक्त आतून रिकामा. चपटी, अंडाकृती, आरपार दिसणारी. सहा पाय आणि आखूड मिशा शाबूत, डोक्यामागे पाठीवर चीर. त्या चिरेतूनच पिल्लू बाहेर पडतं. झुरळाच्या कातेला मिशा लांब आणि मागे दोन टोकं असतात. अंगभर ताठ केस असतील, तर ती लोकरी कपडे कुरतडणाऱ्या भुंग्याच्या अळीची. इथेच अनेकांची गफलत होते आणि फवारणीचा खर्च वाया जातो.

आता मापं बघा. पिल्लू ५ वेळा कात टाकतं आणि दर वेळी आधी रक्त प्यावंच लागतं. त्यामुळे साधारण १.५ ते ४.५ मिलिमीटरपर्यंत लहानमोठी कात एकाच जागी मिळाली, तर ढेकूण तिथेच वाढलेत.

मात्र कात बरेच महिने टिकते. तेवढ्यावरून आज ढेकूण आहेत असं ठरत नाही. जवळचे काळे ठिपके ओल्या कापसाने पुसा. तांबूस-तपकिरी फराटा उमटला, तर ती ढेकणांची विष्ठा असण्याची दाट शक्यता. सगळी कात व्हॅक्यूमने काढा, दिवाणाचे सांधे आणि स्क्रूची भोकं टॉर्चने तपासा. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. नवी कात दिसली, तर ढेकूण आत आहेत. तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा.