व्हीगन असणं हा धर्म मानायचा की निधर्मी तत्त्वज्ञान?
निधर्मी तत्त्वज्ञानच. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये दूध-अंडीही न खाणाऱ्या शाकाहारींनी काढला. त्यात ना देव, ना पोथी, ना मोक्ष. तिथल्याच कामगार न्यायाधिकरणाने २०२० मध्ये नैतिक कारणाने व्हीगन असणाऱ्यांना समानता कायद्याचं संरक्षण दिलं, तेही ‘तात्त्विक श्रद्धा’ म्हणून, धर्म म्हणून नव्हे. आपल्या ठाण्यात गोंधळ होतो तो सोवळ्या-उपवासामुळे. नौपाड्यातल्या माळकरी घरात मांस-मच्छी वर्ज्य, पण साजूक तूप हवंच. व्हीगन माणूस तूपच काय, मधही सोडतो, आणि कांदा-लसूण मात्र बिनदिक्कत खातो. कारण प्रश्न पावित्र्याचा नाही, जनावराला होणाऱ्या त्रासाचा आहे. अर्थात एखादा जैन किंवा वारकरी अहिंसेच्या श्रद्धेतूनच दूध सोडत असेल, तर त्याच्यापुरती ती धर्माचरणाचीच गोष्ट आहे.