उमेदवाराची खरी माहिती कुठे मिळेल?

प्रश्न : ताई, आमच्या मतदारसंघातल्या दोन्ही उमेदवारांबद्दल व्हॉट्सअॅपवर रोज नवं काहीतरी येतं. एकावर गुन्हे आहेत म्हणे, दुसऱ्याने जमिनी लाटल्या म्हणे. विधानसभेला पहिल्यांदाच मत देणार आहे. खरं कुठे बघू? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : व्हॉट्सअॅप बाजूला ठेवा आणि दोघांनी उमेदवारी अर्जासोबत दिलेली प्रतिज्ञापत्रं उघडा. तहसील कचेरीत असताना निवडणुकीच्या कामात मी असे कितीतरी कागद हाताळले. लोकांना वाटतं, तो नुसता सोपस्कार आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मध्ये निकाल दिले, म्हणून हा कागद आज आपल्या हाती येतो. त्याला 'नमुना २६' म्हणतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो सापडतो, आणि 'मायनेता' या संकेतस्थळावर त्याचा गोषवारा मिळतो. तरी मूळ कागद वाचाच.

गुन्ह्यांचा रकाना आधी बघा. तिथे पोलीस ठाणं, गुन्हा नोंद क्रमांक, कलमं, न्यायालय आणि आरोप निश्चित झालेत का, हे सगळं लिहावं लागतं. किती गुन्हे आहेत एवढंच मोजू नका, कलमं वाचा. दुधाच्या दरासाठी रस्ता अडवला म्हणून लागलेलं जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ (बेकायदा जमाव) आणि ठेवीदारांना बुडवल्याबद्दल लागलेलं ४२० (फसवणूक) यांना मी एका मापाने मोजणार नाही. १ जुलै २०२४ पासूनचा गुन्हा असेल तर त्याऐवजी कलमं भारतीय न्याय संहितेची असतील. आणि खटला चालू असणं वेगळं, शिक्षा होणं वेगळं. दोन्हींचे रकानेही वेगळे आहेत.

जमिनीचं म्हणाल, तर गट किंवा सर्व्हे नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की विकत घेतलेली, कधी आणि कितीला घेतली, हे तिथेच असतं. तो नंबर 'महाभूलेख' या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर टाकून सातबारा बघा, तुमच्या जिल्ह्यातला असेल तर दहा मिनिटांचं काम. उमेदवार आधीही उभा राहिला असेल, तर मागचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवा. मालमत्ता किती वाढली आणि पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांत उत्पन्न किती दाखवलंय, याचा मेळ लागतो का बघा. जोडीदार आणि अवलंबितांचे रकाने सोडू नका, मला तिथेच जास्त वाचायला मिळायचं!

एक नीट समजून घ्या: कागद संकेतस्थळावर आहे म्हणजे तो सरकारने पडताळलाय, असं नाही. निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत का ते बघतो, त्यातल्या मजकुराची चौकशी करत नाही. खोटी माहिती देणं किंवा दडवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्याकडे पुरावा असेल तर तुम्हीही त्या अधिकाऱ्याकडे विरोधी प्रतिज्ञापत्र देऊ शकता, तेही त्याच्या कार्यालयाच्या फलकावर लावलं जातं.

विद्यमान आमदार असेल तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाज वाचा. तुमच्या भागातल्या पाण्याबद्दल त्याने सभागृहात काही विचारलंय का, हे मी तरी गुन्ह्यांइतकंच महत्त्वाचं मानते. अर्ज माघारीची मुदत संपली की लगेच बसा, प्रचाराच्या शेवटच्या दोन दिवसांत डोकं शांत राहत नाही.