चिप डिझाइन शिकायचं तर फक्त व्हेरिलॉग (डिजिटल सर्किट कोडमध्ये लिहायची भाषा) पुरे का? लेआउट, म्हणजे चिपवर ट्रान्झिस्टर आणि तारा प्रत्यक्ष कुठे बसतील ते आखणं, शिकण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि सर म्हणतात, ‘लेआउट म्हणजे नुसतं ड्रॉइंग, ते टूल करतं.’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकत आलेय, म्हणून लिहायला बसले.

मी इंदूरच्याच रामबागेतली. बंगळुरूला अ‍ॅनालॉग लेआउट करायचे, आता तेच घरून करते. तिथल्या एका चिपमध्ये सगळ्या ब्लॉकना बायस देणारा, म्हणजे एका प्रवाहाची हुबेहूब नक्कल करून तो पुरवणारा, करंट मिरर होता. त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन ट्रान्झिस्टर तुकडे करून मी एबीबीए अशा क्रमानं बसवले, म्हणजे ऑक्साइडची जाडी एका बाजूकडून बदलत गेली तरी ए आणि बी दोघांना सारखाच फटका. दोन्ही टोकांना डमी, म्हणजे सर्किटमध्ये काही काम न करणारे ट्रान्झिस्टर, ठेवले. कडेच्या पॉलीच्या (ट्रान्झिस्टरचं गेट बनतं तो थर) पट्टीला एका बाजूला शेजार नसतो, त्यामुळे एचिंगमध्ये, म्हणजे नको तो भाग कोरून काढताना, तिची रुंदी आतल्या पट्ट्यांपेक्षा वेगळी येते. डमी असला की ती झळ त्याला लागते.

सीनियर डिझायनरना जागा वाचवायची होती. रिव्ह्यूत सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सर्किटमध्ये यांचं काम काय? काढून टाका. ड्रॉइंग छान दिसावं म्हणून सिलिकॉन वाया घालवायचं नाही.’ मी लेखी विरोध नोंदवला, तरी डमी निघाले.

डीआरसी साफ, एलव्हीएस साफ, सगळ्या कॉर्नरची (प्रोसेस, व्होल्टेज, तापमानाच्या टोकाच्या स्थितींची) सिम्युलेशन साफ. येणारच! डीआरसी बघतं फॅबच्या नियमात बसतं का, एलव्हीएस बघतं जोडणी स्केमॅटिकप्रमाणे, म्हणजे सर्किटच्या आकृतीप्रमाणे, आहे का. कोणाच्या शेजारी कोण बसलंय, हे दोन्ही विचारत नाहीत. टेपआउट झालं, म्हणजे डिझाइन फॅबला गेलं, चिप आल्या, आणि प्रवाह जुळेनात. रँडम मिसमॅच, म्हणजे योगायोगानं येणारा फरक, कधी इकडे जातो, कधी तिकडे. इथे जी चिप मोजावी ती एकाच दिशेला चुकलेली. एबीबीएत दोन्ही टोकांना ‘ए’ हाच असतो, त्यामुळे कडेचा सगळा दोष त्याच्याच पदरात. वरच्या मेटलचा मास्क (थराची छाप उमटवणारा साचा) बदलून हे सुधारत नाही. डमी पॉली आणि डिफ्यूजन या सर्वांत खालच्या थरांमध्ये असतो, म्हणजे तळाचे मास्क नवे आणि वेफर पुन्हा पहिल्यापासून. बैठकीत याला ‘प्रोसेस व्हेरिएशन’ म्हटलं गेलं. मला ते आजही मान्य नाही.

तेव्हा माझं म्हणणं, आधी हातानं लेआउट करा. स्कायवॉटर या फॅबचा १३० नॅनोमीटरचा पीडीके, म्हणजे डिझाइनसाठी लागणारे नियम आणि मॉडेल, २०२० पासून खुला आहे. मॅजिक या लेआउट टूलमध्ये इन्व्हर्टर काढा, नेटजेननं एलव्हीएस करा, एनजीस्पाइस या सिम्युलेटरवर चालवा. मग त्याच इन्व्हर्टरचा रिंग ऑसिलेटर (इन्व्हर्टर गोल जोडून आपोआप हेलकावणारं सर्किट) करा आणि पॅरासिटिक, म्हणजे तारांचे नकळत येणारे रेझिस्टन्स-कपॅसिटन्स, एक्स्ट्रॅक्ट करून पुन्हा चालवा. फ्रीक्वेन्सी किती खाली आली ते बघा. स्केमॅटिकला या तारांचा पत्ताच नव्हता. मिररची कड मात्र अशा एक्स्ट्रॅक्शनमध्ये दिसणार नाही, ती माहीतच असावी लागते.

व्हेरिलॉग नको असं मी म्हणत नाही. डिजिटलमध्ये लाखो सेल खरंच टूल बसवतं, आणि नोकऱ्याही तिकडेच जास्त, त्यातही व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे डिझाइन बरोबर चालतं का ते तपासण्यात. पण तिथेसुद्धा सेटअप चुकला, म्हणजे डेटा क्लॉकच्या ठोक्याआधी वेळेत पोचला नाही, तर क्लॉक मंद करून चिप चालवता येते; होल्ड चुकला, म्हणजे डेटा ठोक्यानंतर पुरेसा टिकला नाही, तर सुटका नाही. आणि होल्डचा खरा हिशेब क्लॉक ट्री (चिपभर क्लॉक पोचवणारं जाळं) आणि राउटिंग, म्हणजे तारा टाकणं, झाल्यावरच लागतो, म्हणजे लेआउटमध्येच. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला रिंग ऑसिलेटरच घ्या. फॅबला नाही गेला तरी एलव्हीएस साफ आलेलं लेआउट मुलाखतीत उघडून दाखवता येतं.